नाताळचं गाणं, बाबांचा आवाज आणि अडकलेली कॅसेट

वाचक विचारतात, जाणकार सांगतात

या महिन्याच्या पत्रांत एकाच जातीचे प्रश्न जास्त आहेत. घरातल्या कुणीतरी कधीकाळी म्हटलेलं नाताळचं गाणं, ते म्हणणारं माणूस आता नाही, आणि गाणं कॅसेटमध्ये, अर्धवट आठवणीत किंवा बंद पडलेल्या पेटीत अडकलेलं. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तिथे एक चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न : १९८८ च्या नाताळात बाबांनी घरी पेटीवर एक गाणं म्हटलं. बाळ येशूच्या जन्माचंच, पण शेवटच्या कडव्यात दूर गेलेल्या लेकरांची वाट पाहणारं. मोठ्या भावानं ते टू-इन-वनवर (रेडिओ-टेपरेकॉर्डरवर) भरून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. आई दर नाताळला ती कॅसेट लावायची. मागच्या वर्षी मशीननं टेप खाल्ली, चार बोटं टेप चुरगळली. तेव्हापासून कॅसेट संदुकीत आहे. टेपच्या कडेला पांढरं काहीतरी दिसते. आणखी एक, शेवटच्या कडव्यात बाबांचा आवाज चढत जाऊन लहान पोरासारखा होतो. बाबांची पेटी अजून घरीच आहे. काही होऊ शकते काय?
— एक वाचक भगिनी, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : होऊ शकते, ताई. पण आधी एक गोष्ट पक्की करा. ही कॅसेट आता "चालते का पाहू" म्हणून कुठल्याही मशीनमध्ये घालायची नाही. आवाज त्या एकाच फितीवर आहे. आधी तो वाचवायचा, साफ-सुंदर करण्याचं नंतर पाहू.

चुरगळलेल्या भागाची फार धास्ती घेऊ नका. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते. चार बोटं म्हणजे सुमारे सात सेंटीमीटर, दीड सेकंदही भरत नाही. तेवढ्यात एखादा शब्द असेल, आणि तोही गेलेला नाही, दबला आहे. म्हणून तो तुकडा कापू नका. दोन स्वच्छ, कोरड्या बोटांच्या पेरांमध्ये धरून हळूच सपाट करा. इस्त्री नको, गरम वाटी नको. टेपचा पाया प्लास्टिकचा आहे, उष्णतेनं तो ताणला की कायमचा ताणला.

पांढरं दिसतं ते काय, हे उजेडात भिंगातून पाहा. आपल्याकडे दोन शक्यता असतात. कापूस विकेपर्यंत घरातच रचलेला असतो, त्याची बारीक रुई कॅसेटच्या फटीतून आत जाते. ती धाग्यांसारखी दिसते आणि कोरड्या मऊ ब्रशनं निघते. दुसरी शक्यता बुरशीची. ती टेपच्या गुंडाळीच्या चपट्या बाजूवर ठिपक्यांत किंवा भुकटीसारखी दिसते. बुरशी असेल तर नाकातोंडाला फडकं बांधा आणि कॅसेट दुसऱ्या कॅसेटांपासून वेगळी ठेवा. ती उन्हात वाळवायची नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यावर कॅसेट ठेवा आणि डबा सावलीत आठ-दहा दिवस राहू द्या. बुरशी कोरडी झाली की पुसता येते, ओली असताना पुसली तर पसरते.

आता कवच उघडायचं. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर सोपं आहे. स्क्रू नसतील तर कवच चिकटवलेलं असतं, ते सांध्यावर पातळ पातीनं जपून फोडावं लागतं. दोन्ही वेळा एक पाच स्क्रूची, काही महत्त्वाचं नसलेली कॅसेट आणून ठेवा. तिचं कवच तुमच्या टेपला नवं घर म्हणून द्यायचं आहे. टेबलावर पांढरं धुतलेलं कापड अंथरा, पंखा बंद करा, 'ए' बाजू वर ठेवून स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ उचला. उघडल्याबरोबर मोबाईलनं फोटो काढा. आत दोन चकत्या, वर-खाली एकेक गुळगुळीत पातळ प्लास्टिकचा कागद, दोन कोपऱ्यांत दोन छोट्या फिरक्या आणि मधोमध पितळी पट्टीवर बसवलेला बोटाच्या नखाएवढा नमद्याचा तुकडा दिसेल. हा नमदा टेपला हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. टिनाच्या घरात मे महिन्यात जी उष्णता होते तिनं त्याचा गोंद सुटतो आणि नमदा गळून पडतो. मग आवाज बसका, दूरून आल्यासारखा येतो आणि लोक समजतात की टेपच गेली. म्हणून नव्या कवचातला नमदा जागेवर आहे ना, हे आधी बघा.

टेपची गुंडाळी दोन बोटांनी कधीच उचलू नका, मधली चकती निसटली की नव्वदेक मीटर टेप मांडीवर येते. खालून पातळ पुठ्ठा सरकवून दोन्ही गुंडाळ्या एकदमच उचला आणि नव्या कवचात ठेवा. रस्ता असा : डावी चकती, डावी फिरकी, नमद्याच्या समोरून, उजवी फिरकी, उजवी चकती. टेपला पीळ पडू देऊ नका. बाहेरच्या अंगाला जी बाजू आहे तीच हेडला लागते, आवाज त्याच बाजूवर असतो. झाकण लावून स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एक स्क्रू पुरता आवळून मग दुसरा, असं केलं तर कवच तिरकं बसतं आणि चकत्या घासतात.

टेप कुठे तुटलीच असेल तर घरातली चिकटपट्टी वापरू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरून शेजारच्या वेढ्यांना आणि मशीनच्या हेडला चिकटतो. कॅसेटसाठीच मिळणारी जोडपट्टी मागवा. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून नव्या ब्लेडनं एकाच घावात तिरपी कापा, समोरासमोर भिडवा आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या, म्हणजे आतल्या बाजूनं लावा.

मग षटकोनी पेन्सिल चकतीत घालून पूर्ण टेप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत, हातानं फिरवा. अर्धा तास जाईल. बुरशी होती तर फिरवताना कोरडं, धागे न सोडणारं कापड टेपला अलगद टेकवून ठेवा. मशीनच्या फॉरवर्ड बटणानं हे करू नका. वर्षानुवर्षं एका जागी बसलेले वेढे एकमेकांना चिकटलेले असतात आणि मोटर झटका देते. वाजवताना टेप किंचाळल्यासारखा आवाज करू लागली तर तिथेच थांबा. ओव्हनमध्ये टेप तापवण्याचे उपाय ऐकायला मिळतील, ते घरी मुळीच करू नका. अशी टेप या कामाच्या माणसाकडेच द्यावी.

मशीन उसनं आणलं तरी चालेल, पण टेप खाणारं तेच जुनं मशीन नको. टेप का खाल्ली जाते हे समजून घ्या. टेप पुढे ढकलणारा काळा रबरी रोलर कडक आणि चकचकीत झालेला असतो, नाहीतर टेप गुंडाळून घेणाऱ्या चकतीचा बेल्ट सैल झालेला असतो. रोलर टेप देत राहतो आणि पुढची चकती ती घेत नाही, मग टेप रोलरभोवती गुंडाळते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणून स्पिरिट मिळतं. कानकोरण्याच्या कापसाला ते लावून हेड आणि रोलरशेजारची लोखंडी दांडी पुसा, कापूस तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. रबर मात्र साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. नंतर एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा. तुमच्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही.

आवाज संगणकात घेताना मोबाईल स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्ड करू नका. त्यात खोली, पंखा आणि बाहेरचा ट्रॅक्टर सगळं येतं. टेपच्या लाइन-आउटमधून किंवा हेडफोनच्या भोकातून वायर घेऊन लॅपटॉपला यूएसबीनं लागणाऱ्या ऑडिओ डबीत जोडा. हेडफोनमधून घेत असाल तर आवाजाचं बटण मध्यावर ठेवा, बास-ट्रेबल सरळ ठेवा, डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) असेल तर बंद. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट आणि फाइल वेव्ह प्रकारची ठेवा. बाबांचा सर्वांत चढा सूर उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. शून्याला टेकला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. तीस मिनिटांच्या एका बाजूला सुमारे ५२० एमबी लागतील, तेवढी जागा आधी मोकळी करा.

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग घेऊ नका, त्याची भरभर सगळ्या सुरांत मिसळते. टेप मोठ्या सेलवर चालत असेल तर नवे सेल घालून सेलवरच चालवा.

'स', 'श', 'च' बोथट ऐकू येत असतील तर हेड किंचित तिरकं आहे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. टेप वाजत असताना तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडेतिकडे फिरवून पाहा. जिथे 'स' सर्वांत धारदार होईल ती जागा. आधी स्क्रू कुठे होता त्याची खूण करून ठेवा. ज्या मशीनवर भरलं त्या मशीनचं हेड जसं तिरकं होतं तसंच आत्ताचं करायचं असतं, 'बरोबर' काय याला इथे अर्थ नाही.

आता बाबांच्या आवाजाकडे. शेवटच्या कडव्यात आवाज चढतो, कारण भरून घेताना टेपरेकॉर्डर सेलवर होता आणि सेल उतरत होते. टेप भरताना हळूहळू मंद पळाली. आज ती नेहमीच्या वेगानं पळते, म्हणून मंद भरलेलं सगळं आता जलद आणि चढं वाजतं. कॅसेट खराब झालेली नाही. उलट त्या संध्याकाळचे सेल कुठे संपत आले तेही टेपनं जपलं आहे.

इथे बाबांची पेटी कामाला येते. तिच्या सूर देणाऱ्या पितळी जिभा (रीड) चाळीस वर्षांत फारशा हलत नाहीत. बाबा कोणत्या पट्टीत गायचे ते घरात कुणाला तरी ठाऊक असेल. समजा काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. पहिल्या कडव्यातला 'सा' पेटीच्या काळी दोनशी जुळवून पाहा. जुळला तर तिथला वेग बरोबर. मग शेवटचं कडवं लावा. तिथला 'सा' पांढरी तीनशी जुळत असेल तर आवाज बरोबर एका पट्टीनं चढला आहे. संगणकात वेग आणि सूर एकत्र बदलणारं साधन निवडा आणि त्या भागाचा वेग ५.६ टक्के कमी करा. अर्धी पट्टी चढला असेल तर २.८ टक्के. चढ हळूहळू झाला असल्यानं एकच आकडा सगळ्या कडव्याला चालणार नाही. दर दोन ओळींनी 'सा' तपासून तुकड्या-तुकड्यांनी उतरवा. नुसता सूर उतरवणारं साधन वापरू नका, ते ताल तसाच ठेवतं आणि गळा रबरासारखा ऐकू येतो. पेटीही दुसऱ्या घरची आणू नका, दोन पेट्यांत थोडा फरक असतोच.

शेवटी खरखर. गाणं सुरू व्हायच्या आधीचे दोन सेकंद नमुना म्हणून घेऊन खरखर ६ ते ९ डेसिबलच कमी करा. त्याहून जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. भात्याची धाप, मधेच आलेला खोकला, कुणाचं तरी "हळू रे" ऐकू येत असेल तर काढू नका. आणि जी पहिली, काहीही न केलेली फाइल आहे ती तशीच ठेवा. एक प्रत घरी, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो.

प्रश्न : आमच्या आजीचं नाताळचं गाणं तीन जणांना अर्धं-अर्धं पाठ आहे. काही शब्द कुणालाच आठवत नाहीत, टेपवरही अस्पष्ट आहेत. चाल अभंगासारखी आहे. पुस्तकात सापडत नाही. गाळलेल्या जागा कशा भरायच्या?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : चाल अभंगासारखी आहे, ही फार मोठी मदत आहे. मराठी ख्रिस्ती गीतांत अभंग-ओवीची वाट रुळवण्यात कवी नारायण वामन टिळकांचा मोठा हात आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि १९१९ साली ते गेले. त्यांच्या नंतरही गावोगावच्या शिक्षकांनी आणि पाळकांनी त्याच छंदात गाणी रचली, त्यांतली बरीच छापलीच गेली नाहीत. तुमच्या आजींचं गाणं त्यांतलं असू शकतं. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाच्या जुन्या आवृत्त्या एकदा बघून घ्या, पण पहिल्या ओळीवर विसंबू नका. तोंडी गाण्यात बहुधा ध्रुवपदच पहिलं होऊन बसतं.

आता छंद मोजा. मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६, ४ अशी अक्षरं असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. लहान अभंगात ८ आणि ८. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा इथे हिशेब नाही. नमुन्यासाठी आम्हीच एक ओळ रचून देतो :

गोठ्यात निजले । बाळ हे तान्हुले । दव पांघरले । आभाळाचे ॥

समजा टेपवर तिसऱ्या चरणात फक्त "…पांघरले" ऐकू येतं. ती चार अक्षरं झाली, म्हणजे हरवलेला शब्द दोन अक्षरांचाच. "चांदणे" बसणार नाही, "दव" बसेल. उलट यमकाचा शब्दच गेला असेल तर दुसऱ्या चरणाचा शेवट पाहा. हरवलेल्या शब्दाचा शेवटही तसाच असला पाहिजे. गाताना मात्र "पांघरले" चं "पांघरलेऽए" होतं, "हो", "गा", "रे" असे भरीचे शब्द येतात. ते आधी वेगळे काढा, नाहीतर हिशेब चुकतो.

तिघांना एकत्र बसवून विचारू नका. एकाला आठवलं की बाकीचे दोघं त्याचंच खरं मानतात. वेगवेगळे बसवा, प्रत्येकाचं पूर्ण लिहून घ्या, अगदी "इथं काहीतरी होतं" हेसुद्धा. म्हणणाऱ्याला बोलायला लावू नका, गायला लावा. चाल सुरू झाली की तोंडात शब्द येतात, नुसतं विचारलं तर येत नाहीत. टेपचा अस्पष्ट भाग वेग ७० टक्के करून, सूर तसाच ठेवून, हेडफोनवर ऐका. इथे मात्र सूर न बदलणारं साधनच हवं. तुम्हाला काय ऐकू आलं ते दुसऱ्याला आधी सांगू नका.

वऱ्हाडी शब्द आले तर ते प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. तुम्ही भरलेले शब्द कंसात लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला आजीचं कोणतं आणि तुमचं कोणतं हे कळेल.

प्रश्न : नाताळ आनंदाचा सण. मग त्यातली काही गाणी ऐकताना घसा का दाटून येतो? इंग्रजी गाण्यांचंही तसंच आहे. हे चालीत असते की आपल्या मनात?
— एक शिक्षक, ता. खामगाव, जि. बुलडाणा

उत्तर : दोन्हीकडे. आधी चाल. अशी पुष्कळ गाणी शुद्ध स्वरांत, म्हणजे बिलावल थाटाच्या अंगानं चालतात. उदास वाटायला कोमल स्वर लागतातच असं नाही. पेटीवर हे करून बघा. सा, ग, प धरून ठेवा, मग म, शुद्ध ध आणि वरचा सा धरा. आनंदी वाटेल. आता फक्त धैवत कोमल करा आणि पुन्हा सा, ग, प वर या. एका क्षणासाठी ढग येऊन गेल्यासारखं वाटतं. पाश्चात्त्य नाताळगीतांत ही जागा बरेचदा येते. सगळं गाणं कोमल स्वरांत असतं तर एवढं लागलं नसतं. उजेडात एकच सावली पडते म्हणून ती लागते.

लयही पाहा. मिनिटाला साठ-सत्तर मात्रा आणि तीन-तीनचे गट असले की गाणं पाळण्याला लागतं. दादरा विलंबित केल्यासारखं. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलेलं 'सायलेंट नाइट' असंच आहे. शब्द योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची, साथीला गिटार. अंगाईच ती. अंगाई ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला त्याला झोपवणारी आई आठवते, त्याला इलाज नाही.

मनाचा भाग असा की सण तारखेला येतो आणि माणसं येत नाहीत. डिसेंबर १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, पश्चिम आघाडीवर दोन्हीकडच्या सैनिकांनी खंदकांतून नाताळगीतं म्हटली. १९४३ साली अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीनं गायलेलं 'आय विल बी होम फॉर ख्रिसमस' हे गाणं लढाईवर गेलेल्या माणसाच्या तोंडचं आहे. घरी येतो असं तो सांगत राहतो आणि शेवटी कळतं की येणं स्वप्नातलंच आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या याच घडणीच्या आहेत. माहेरचं अंगण, भाऊ, वाडा, सगळं भरभरून सांगायचं, आणि ते सांगणारी बाई मात्र सासरी दळत बसलेली. तुमच्या मुलांना शिकवायचं असेल तर ओवी आणि नाताळगीत शेजारी-शेजारी ठेवा, त्यांना लगेच उमगेल.

प्रश्न : मंडळीची (चर्चची) पेटी २४ तारखेच्या उपासनेला लागते. दोन स्वर वाजत नाहीत, एक स्वर हात न लावताही वाजत राहतो. शहरात नेण्याइतका वेळ नाही.
— एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : दोन वेगवेगळे आजार आहेत. न वाजणाऱ्या स्वराच्या जिभेत बहुतेक कण किंवा रुई अडकली आहे. वरचं झाकण काढा, जिभांची पाटी सोडवा आणि ती जीभ शोधा. साध्या वहीच्या कागदाची पट्टी जीभ आणि पितळी चौकटीच्या मधून एकदा सरकवा. ब्लेड किंवा सुई नको, पितळेला ओरखडा पडला की सूर बदलतो. तेल तर मुळीच नको, ते धूळ धरून ठेवतं. जीभ तडकली असेल तर कागदानं काही होणार नाही, ती बदलावीच लागते. एवढ्यापुरतं दुसऱ्या पट्टीत गा.

आपोआप वाजणाऱ्या स्वराची झडप नीट बसत नाही. पट्टी उचलून झडपेखालच्या चामड्यावर काय अडकलं आहे ते पाहा, मऊ ब्रशनं झाडा. मग पट्टीची तार तपासा. ती जागेवरून सरकली असेल तर परत खाचेत बसवा, सैल झाली असेल तर चिमट्यानं किंचित वाकवून ताण द्या. फार ताण दिला तर ती पट्टी बाकीच्यांपेक्षा जड होते आणि वाजवणाऱ्याचं बोट अडतं.

प्रश्न : आमची माय ८२ वर्षांची आहे. नाताळचं एक गाणं ती अजून म्हणते, पण डोळे भरतात म्हणून मधेच थांबते. तिच्या आवाजात ते या वर्षी मोबाईलवर नीट भरून घ्यायचं आहे. घर साधं, भिंती सिमेंटच्या, आवाज घुमतो.
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : कापूस विकला नसेल तर ज्या खोलीत तो रचला आहे तिथे मायला घेऊन बसा. कापसाचा ढीग आवाज पिऊन टाकतो, घुमारा राहत नाही. रेकॉर्डिंगच्या खोल्यांत भिंतींना जे लावतात त्याचं काम तुमचा कापूस करतो. मायची पाठ भिंतीकडे नको, तोंड ढिगाकडे करा, मागे दोरीवर दोन गोधड्या टाका. रुईनं खोकला येत असेल तर खोली बदला आणि चारही बाजूंना गोधड्याच बांधा.

मोबाईल तिच्या हातात देऊ नका, बोटांचा आवाज येतो. पाटावर जाड कापडाची घडी ठेवून त्यावर मोबाईल, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणि थोडा बाजूला. समोर ठेवला तर 'प', 'फ', 'भ' ला फुस्कारा बसतो. विमान-मोड लावा, पंखा आणि फ्रिज बंद करा, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत न्या. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह प्रकार मिळाला तर तोच घ्या. दहा सेकंद भरून हेडफोननं ऐका, मगच सुरू करा.

वेळ सकाळी दहाच्या सुमाराची घ्या, चहा झाल्यावर, कोमट पाण्याचा पेला जवळ ठेवून. संध्याकाळी गळा थकलेला असतो आणि मनही. पट्टी तिची तिला घेऊ द्या, पेटी लावून तिला ओढू नका. ती थांबली तर रेकॉर्डिंग बंद करू नका आणि "पुन्हा पहिल्यापासून" म्हणू नका. तसंच चालू ठेवा, तिला वाटेल तेव्हा ती पुढचं कडवं उचलेल. राहिलेलं कडवं दुसऱ्या दिवशी वेगळं घेता येतं. सुरुवातीला तारीख, गाव आणि तिचं नाव तिच्याच तोंडून म्हणवून घ्या. गाणं झाल्यावर ते तिला कुणी शिकवलं, कुठे म्हणायचे, एवढं विचारा आणि ते सांगून होईपर्यंत मोबाईलला हात लावू नका.